चारशे सतराच्या मागे

किल्लीवाले काका भंगारवाल्याकडे गेले होते एका जुन्या कुलपाची स्प्रिंग शोधायला. स्प्रिंग राहिली बाजूला. सत्तरीचे गृहस्थ घरी आले ते खिशावर हात दाबून, अंगणाच्या दोन्ही पायऱ्या एकाच ढांगेत चढून.

“सापडला!” ते दारातूनच ओरडले. “कोरा सापडला!”

काकूंनी कपाळाला हात लावला. “आणखी एक बिल्ला? घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि ह्यांचं आपलं चालूच!”

आता हे बिल्ल्यांचं प्रकरण सांगायला हवं. मागे युद्धात गावाला वेढा पडला, तेव्हा इथल्या सेनापतीने पितळेचे बिल्ले पाडून घेतले होते. एका बाजूला त्याचा मिशाळ चेहरा, दुसऱ्या बाजूला आकडा. तोफा सुरू झाल्या की बिल्ला मुठीत धरून आकड्याप्रमाणे तळघरापुढे रांग लावायची. दारावरचा शिपाई बिल्ल्याला भोक पाडायचा आणि माणसाला आत घ्यायचा. काकांकडे असे छत्तीस बिल्ले होते, सगळे भोकाचे. कोऱ्या बिल्ल्यासाठी त्यांनी तीस वर्षं देव पाण्यात ठेवले होते. तो कोरा का राहिला असेल, हे मात्र त्या भल्या माणसाच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी पाचला शेजारचे मास्तर चहाला आले. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. बिल्ला हातात घेताच त्यांचे डोळे भरून आले. “काय माणूस होता! चारशे जीव वाचवले.”

“आणि दार लावून घेतलं, ते?” काकू म्हणाल्या.

“वहिनी, तळघरात हवा किती? दार उघडं ठेवलं असतं तर आतलेही गेले असते.”

“आणखी एक जण आला असता तर लगेच संपली असती का हवा?”

हे भांडण वीस वर्षांचं. दोघांनाही ते चहाइतकंच लागायचं. पण त्या दिवशी काकूंनी बिल्ला उलटा करून आकडा पाहिला. उठून आतून एक डबी घेऊन आल्या. डबीत त्यांच्या आईचा बिल्ला होता, सेनापतीच्या मिशीतच भोक पडलेला. आकडा चारशे सतरा.

काकांनी आणलेल्यावर होता चारशे अठरा.

“आई सगळ्यांत शेवटी आत आली,” काकू हळूच म्हणाल्या. “सात वर्षांची होती. मरेपर्यंत सांगायची, माझ्या मागे कोणी नव्हतं. कोणी विचारलेलं नसताना सांगायची…”

तेवढ्यात दार वाजलं. टक, टक, टक. वर नाही, कडीच्या खूप खाली.

काकांनी दार उघडलं. अंगण रिकामं. बाहेर लख्ख उजेड होता, पण उंबऱ्याशी ओल्या गोणपाटाचा आणि जळक्या दारूगोळ्याचा वास रेंगाळत होता.

दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा तेच. काकांनी बिजागऱ्यांना तेल दिलं. तिसऱ्या दिवशी लाकूड फुगलंय म्हणून दाराला रंधा मारला. “चाळीस वर्षं दारांशी संसार केलाय,” ते म्हणाले, “मला शिकवतंय होय हे!” मास्तर हसले, पण खुर्ची दारापासून लांब सरकवून बसले.

चौथ्या दिवशी टकटक इतकी क्षीण झाली होती की श्वास रोखून ऐकावी लागली. एकदा वाजली. मग बराच वेळ काही नाही… मग नखाने खरवडल्यासारखं काहीतरी.

काकूंना रडू फुटलं. “थकलीय हो ती, आईच्या मागची पोर. लहान आहे. भोक पाडा त्या बिल्ल्याला.”

“अगं, वेड लागलंय का? परवा माझ्या बिल्ल्यांचं प्रदर्शन आहे! भोक पाडलं तर माझा कोरा बिल्ला…” काकांचा आवाज चिरकला. जीव होता त्यांचा त्यात.

“रात्री-अपरात्री सगळ्या गावाची दारं उघडून दिलीत तुम्ही. कधी कुणाला नाही म्हणालात? मग हिलाच का?”

काका आत गेले. भोक पाडायचा पंच आणि हातोडी घेऊन आले. पण बिल्ला काही जागेवर राहीना. तेव्हा मास्तर उठले, पक्कड घेतली आणि सेनापतीचा चेहरा घट्ट धरला. “मारा,” ते म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली. एकच घाव. भोक बरोबर मिशीत पडलं.

काकूंनी दार सताड उघडलं. “ये बाळा, आत ये. उशीर झाला गं आम्हाला…”

गार असं काहीतरी त्यांच्या गुडघ्याला घासून आत गेलं. चुलीजवळचा पाट आपोआप इंचभर सरकला, आणि घरात कसं हलकंहलकं वाटायला लागलं.

काका आधी रडले, मग हसले. “तीस वर्षांची तपश्चर्या, आणि चार दिवसांत भोक!” काकूंनी पुन्हा चहा टाकला, एक कप जास्तीचा. मास्तरांनी तीन चमचे साखर घेतली.

“वहिनी, आता सेनापतीला म्हणायचं तरी काय?” त्यांनी विचारलं.

“म्हणा काय म्हणायचं ते. दार आम्ही उघडलं, एवढं ध्यानात ठेवा.”

सगळे हसले. आणि दार वाजलं.

या वेळी वर, मोठ्या माणसाच्या हाताने. काकांनी दार उघडलं. अंगणात कोणी नव्हतं. उंबऱ्यावर एक चिखलाने माखलेला बिल्ला पडला होता. काकांनी अंगठ्याने पुसला. कोरा. चारशे एकोणीस.

काकांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी हातोडीकडे.

आणि बाहेर, उंबऱ्यापासून फाटकापर्यंत, फाटकापासून पार गल्लीच्या वळणापर्यंत, कितीतरी पावलं एकदमच एकेक पाऊल पुढे सरकल्याचा आवाज आला.