शिट्टीची गोळी

दूध, पाव आणि बल्ब आणायला गेलेली आई येताना शिट्टीची गोळीही घेऊन आली. काडीवरची, लालभडक, चोखायचीही आणि फुंकून वाजवायचीही. नव्या घरात आल्यापासून पिटुकली हसलीच नव्हती. मागच्या रिकाम्या खोलीकडे तर ती बघायचीही नाही. गोळीनं तरी हसेल, एवढीच आशा.

पण आईचा स्वभाव! केळीसुद्धा धुऊन सोलणारी बाई ती. गोळी तिनं चांगली कढत पाण्याखाली धरली. बघते तर साखर विरघळून शिट्टीचं भोक बुजलेलं.

"झालं! केला सत्यानाश," ती स्वतःलाच म्हणाली.

पिटुकलीनं गाल फुगवून फुंकलं. नुसती हवा. ओठ थरथरायला लागले. आता भोकाड पसरणार, तोच तिनं पुन्हा एकदा फुंकलं.

पीऽऽप!

पिटुकली खुदकन हसली. मग काय, फुंकर की शिट्टी, फुंकर की शिट्टी! कामावरून आलेला बाबा बूट न काढताच नाचायला लागला. "बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

आईही हसली. हसता हसता तिनं गोळी हातात घेतली.

भोक बुजलेलंच होतं.

"पिटुकले... ही वाजते कशी गं?"

"मी कुठं वाजवते? मी फुंकते. ती वाजवते."

"ती... कोण?"

लेकीनं मागच्या खोलीकडे बोट केलं. "तिला पण हवीये गोळी."

आईनं लेकीला झटकन जवळ ओढलं. हे घर सोडायचंच, असं तिनं मनात पक्कं केलं. पण सकाळी पाहते तर पिटुकली आपणहून त्याच खोलीच्या दारात बसून बाहुलीची वेणी घालत गुणगुणत होती. आईचा बेत बारगळला.

त्या दिवशी तिनं दोन गोळ्या आणल्या. लेकीची गार पाण्याला नुसती दाखवली. दुसरी कागद काढून, कोरडीच, मागच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. न धुता ठेवली, याचीच तिला जास्त रुखरुख. भुताच्या पोटाची काळजी वाहणारी दुसरी कोण असणार?

दिवेलागणीला पिटुकलीनं शिट्टी वाजवली. खणखणीत! पण मागून उत्तर नाही. पुन्हा वाजवली. नाही. पोरीचा चेहरा उतरला.

"चल, बघू या," आई म्हणाली आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच दचकली.

खोलीत साखरेच्या वाफेचा गोड, दमट वास होता. नळ तर तिथं नव्हताच. कट्ट्यावरच्या गोळीला तिनं बोट लावलं. ओली... अजून गरम... आणि भोक बुजलेलं.

"तिची आई पण धुते!" पिटुकली टाळ्या पिटत म्हणाली आणि खिडकीकडे वळली. "आता तू फुंक गं, मी वाजवते!"

बंद खिडकीपाशी पिटुकलीच्या कपाळावरची बट हलकेच उडाली. तिनं लगेच शिट्टी वाजवली.

दोन पोरी खुदकन हसल्या.

आणि आईच्या अगदी कानाशी कुणा बाईनं हुश्श केलं.