जाळीतून आलेली ओ

माझ्या मामाला थाप मारता येत नाही. मारायला गेला की आधी कान लाल होतात. म्हणून सांगतो, हे घडलंय. गेल्याच हिवाळ्यात, एका दुमजली घरात, भर दुपारी.

मामा घरांचे डक्ट दुरुस्त करतो. पोटमाळ्यावरून पत्र्याचे चौकोनी नळ जातात, त्यांतून प्रत्येक खोलीकडे एक फाटा फुटतो आणि गरम-गार हवा खोल्याखोल्यांत पोचते. सांधे सैल झाले की हवा माळ्यावरच वाया जाते. मग मामा तिथे सरपटत जातो, फटी बुजवायला सांध्यांना सीलंट फासतो, वरून चंदेरी टेप गुंडाळतो.

त्या घराच्या मालकाने सांगितलं, "अडगळीच्या खोलीचा फाटा बंद करा, तिथे कुणी नसतं. शेजारच्या खोलीत आई झोपून असते. तिची हवा तेवढी चालू राहू द्या हं."

माळ्यावर दोन फाटे अगदी शेजारी शेजारी. दिसायला सारखेच. कुठला कुठल्या खोलीचा?

यावर मामाची जुनी रीत होती. ज्या खोलीचा फाटा बंद करायचा, तिथे त्याचा जोडीदार खाली हवेच्या जाळीपाशी उभा राहायचा. बडबडीमुळे सगळे त्याला पोपट म्हणतात. मामा वरून फाटा उघडून हाक मारायचा. पोपटने ओ दिली, की फाटा तोच.

मामाने एका फाट्याशी तोंड नेलं.

"ए, आहेस का?"

त्याने कान लावला.

मग खालून आलं…

"ओ…"

बारीक. दमलेलं. मामाला हसूच आलं. म्हटलं, चला, आज पोपटची टकळी बंद आहे! त्याने फाट्याचं तोंड बंद केलं. सीलंट, टेप, एकदम पक्कं काम.

खाली उतरतो तर काय, पोपट बाहेर गाडीत डोकं घालून उभा!

"अरे, तू खोलीत नव्हतास?"

"मी कधीचा इथेच आहे, दादा! तुम्हीच नाही का म्हणालात, टेपचा जादा रोल शोधून ठेव म्हणून?"

मामाने वर माळ्याकडे पाहिलं.

मग ओ कुणी दिली?

उत्तर त्याला ठाऊक होतं. पण परत वर चढायचं, टेप फाडायची, सीलंट खरवडायचं… गुडघे ठणकत होते. पुढच्या घरची माणसं खोळंबली होती. त्याने मनाची समजूत घातली, पत्र्यात आवाज घुमतो, कुठूनही येतो.

"चल, आटपलं," तो पोपटला म्हणाला.

त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली.

मग मालकाचा फोन आला. "अहो, अडगळीच्या खोलीत अजून गरम हवा येतेय. जरा बघून जाता का?"

मामा गेला. अडगळीची खोली छान उबदार होती. शेजारच्या खोलीत…

रिकामा पलंग. गुंडाळलेली गादी. आणि असा गारठा, की मामाच्या तोंडातून वाफ निघाली.

"आई गेली हो," मालक म्हणाला. "रजयांवर रजया घातल्या, तरी हात गारच. खोली गार लागायची, पण थंडीच तशी पडलेली. आम्हाला वाटलं, अंगातच ऊब उरली नाही. शेवटी शेवटी भ्रम झाला होता तिला. एकच धोशा… 'वरून कुणीतरी हाक मारली. मी ओ दिली. मग येत का नाही कुणी?'"

मामाने तोंड उघडलं. खरं सांगायची वेळ हीच होती.

"वय झालं होतं त्यांचं," तो म्हणाला.

कान नुसते पेटले होते. मालकाला दिसलं नाही. तो डोळे पुसत होता.

मामा एकटाच माळ्यावर चढला. टेप फाडली. सीलंट खरवडलं. फाटा उघडला. हाक मारायला जीभच रेटेना.

तरी खालून आलं…

"ओ…"

आता मामा कुठेच हाक मारत नाही. पण कुठल्याही घरात फाटा उघडला की ओ येते. पोपटला ऐकू येत नाही. तो म्हणतो, दादा, कान दाखवून या.

घरी मात्र मामाने सगळं सांगितलंय. मामी रोज मागे लागते, "त्या घरमालकाला जाऊन खरं काय ते सांगून टाका. मन तरी हलकं होईल." मामाचं ठरलेलं उत्तर, "उद्या जातो."

मीही म्हणायचो, मनाचे खेळ आहेत सगळे.

काल मी त्यांच्याकडे जेवायला होतो. मामीने पुन्हा विषय काढला.

"उद्या जातो," मामा म्हणाला. "अगदी नक्की."

आणि त्याचे कान लाल झाले.

त्याच्या खुर्चीमागे भिंतीत हवेची जाळी आहे. हीटिंग बंद होतं. पंखा बंद होता. तरी तिथून एक गार झुळूक आली…

आणि पाठोपाठ…

"ओ…"

मी ऐकलं. मामीनेही ऐकलं, तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

मामाने मागे वळून पाहिलं नाही.

"येतो, आई," तो ताटाकडे बघत पुटपुटला.

पण जागचा उठला नाही.