शनिवारचा ब्रेक

टक्क.

एवढाच आवाज. जुन्या लॅपटॉपच्या कीबोर्डवरची ढिली झालेली लांब पट्टी, स्पेसबार, कुणी दाबली की व्हायचा, तसा.

हॉलमध्ये सगळे गप्प बसले होते. टीव्हीवरचं अंतराळयान होतं तिथेच थबकलं. आणि टीव्हीला जोडलेला लॅपटॉप... तो कोपऱ्यातल्या स्टुलावर होता. त्याच्या आसपास कुणीच नव्हतं.

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मनाने रचलीय असं म्हणू नका. ज्या ताईच्या घरी हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण. शनिवारची संध्याकाळ होती, बाहेर अजून चांगला उजेड होता. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. ना सुनसान रस्ता, ना पडकी विहीर. भुताने यावं असं तिथे काहीच नव्हतं.

पण जो यायचा, त्याचं ते घरच होतं.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गाडी चालवायला शिकवायचे. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्याही पायाखाली एक ब्रेक असतो. तो दिवसभर दाबून दाबून पाय दुखवून घरी यायचे. पण वेड एकच. परग्रह, यानं, काळाच्या मागेपुढे जाणारी माणसं. एका अंतराळ मालिकेपायी त्यांनी दर शनिवारी घरात माणसं गोळा करायला सुरुवात केली. खालच्या दुकानातले चष्मेवाले काका यायचे. शेजारच्या नर्सबाई यायच्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. ड्यूटीवरून थेट येऊन पाय वर घेऊन बसायच्या. आणखी दोघंतिघं असेच वेडे. ताई सतरंजी अंथरायची, पॉपकॉर्न करायची. मालिकेतलं तिला ओ की ठो कळत नसे.

दाजींचा नियम एकच. न समजता पुढे जायचं नाही.

कुणाच्या डोक्यावरून काही गेलं, की म्हणायचं, "ब्रेक." दाजी ती पट्टी दाबणार. टक्क. चित्र थांबणार. मग त्या माणसाला नीट कळेपर्यंत समजावून सांगायचं, आणि मगच पुढे.

"अहो, तासाचा भाग तुमच्याकडे तीन तास चालतो," काका कुरकुरायचे. "यान पोचेपर्यंत माझा नंबर वाढेल."

"वाढू द्या की. घरचंच दुकान आहे," दाजी म्हणायचे.

ताई मात्र कधी 'ब्रेक' म्हणाली नाही. चारचौघांत लाज वाटायची. पण दाजी तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखायचे. टक्क. "थांबा मंडळी, मलाच जरा कळलं नाही," असं म्हणून सगळं पुन्हा सांगायचे.

तिच्यासाठी.

मग एका रविवारी दुपारी दाजी जेवून आडवे झाले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. चहा झाला म्हणून ताई उठवायला गेली...

ते उठलेच नाहीत.

मालिकेचं शेवटचं पर्व तेवढं यायचं राहिलं होतं. ते आलं, तेव्हा चष्मेवाले काका दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ नुसताच चष्मा पुसत होते.

"वहिनी, दुसरीकडे बसून बघायला मन घेत नाही हो."

ताईने सतरंजी काढली.

आणि त्याच शनिवारी ते झालं. पडद्यावर एकाच चेहऱ्याची दोन माणसं आली. खरा कोण, ताईला कळेना. ती गप्पच राहिली...

टक्क.

"पट्टी ढिली झालीय," काका म्हणाले. उठून त्यांनी चित्र सुरू केलं. थोड्या वेळाने सिस्टरांचा डोळा लागला. दचकून जाग्या झाल्या, "आता हा कोण नवीन?" म्हणेपर्यंत...

टक्क.

पुढच्या शनिवारी काकांनी लॅपटॉप उलटा करून झटकला. पट्टीखालून पॉपकॉर्नचा तुकडा पडला. "हा बघा चोर सापडला," ते म्हणाले. सगळे हसले. हसू विरलं नव्हतं तोच पडद्यावर कसलंतरी अवघड यंत्र आलं आणि ताईची भुवई वर गेली...

टक्क.

या वेळी कुणी हसलं नाही. काकांनी घसा खाकरला आणि ते यंत्र काय करतं ते ताईला समजावून सांगितलं. तिच्याकडे न बघता.

"बाबांनी दाबला," ताईची सहा वर्षांची मुलगी म्हणाली. तिला घरात ठकी म्हणतात. कुणी तिला गप्प केलं नाही.

खरं सांगू? ताई घाबरली नाही. ती शनिवारच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागली. सोमवारीच सतरंजी झटकून ठेवायची. शनिवारी केस विंचरायची, बरी साडी नेसायची. कधी मुद्दाम न कळल्यासारखं तोंड करून बघायची. तेव्हा काही व्हायचं नाही. खरंच कळलं नाही तरच... टक्क.

तिचं खोटं तोंड दाजींना आधीपासूनच ओळखता यायचं.

शेवटच्या भागाला घर भरलं होतं.

गोष्ट अशी होती. लांबच्या ग्रहाकडे गेलेल्या एका माणसाचं यान फुटतं. तो मरतो. पण अंतर इतकं, की त्याचं बोलणं घरी पोचायला कितीतरी महिने लागतात. म्हणून तो गेल्यावरही त्याचे निरोप येतच राहतात. त्याची बायको पडद्यासमोर बसलेली. तो हसतोय. म्हणतोय, "आता निघालोच. दार उघडं ठेव..."

टक्क.

"कुणाचा ब्रेक?" काकांनी विचारलं.

सिस्टर पदराने डोळे पुसत होत्या, म्हणजे त्यांना कळलं होतं. ताईलाही कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा, सगळंच्या सगळं.

"मलापण कळलं," ठकी म्हणाली. "तो मेलाय. त्याला माहीतच नाहीये."

नियम तो नियम. काकांनी कुणाकडेच न बघता सगळं समजावून सांगितलं. पट्टी दाबली. चित्र जरा हललं...

टक्क.

पुन्हा सांगितलं. पुन्हा दाबली.

टक्क.

टक्क. टक्क. टक्क.

ताईने ती लय ओळखली. एकदा ती दाजींच्या गाडीत मागे बसली होती आणि शिकाऊ माणसाने गाडी थेट भिंतीकडे नेली होती. तेव्हा दाजींचा पाय ब्रेकवर असाच पडत होता. ते घाबरले होते तेव्हा.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "ताई... त्या दिवशी ते झोपेतच गेले. त्यांना कळलंच नसेल."

ताई उठली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. ती स्टुलाजवळ जाऊन जमिनीवर बसली.

"अहो," ती म्हणाली. "तुम्हालाच कळलं नाही ना?"

आवाज थांबला.

ताईने मला नंतर सांगितलं, त्या वेळी एक क्षण तिच्या मनात आलं की गप्प बसावं. लॅपटॉप बंद करावा, उद्या बघू म्हणावं. असेच शनिवार येत राहिले असते. पण घाबरलेल्या माणसाला तसंच कसं सोडायचं?

मग तिने सांगितलं. ते तिला सांगायचे तसंच. सावकाश, कमीपणा न वाटू देता.

"त्या रविवारी तुम्ही जेवून झोपलात. मी चहा घेऊन आले. हाका मारल्या, हलवलं. तुम्ही उठला नाहीत. सिस्टर धावत आल्या, त्यांनी मनगट धरून बघितलं. तुम्ही गेलात हो. आम्ही बोलत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुमचं बोलणं आम्हाला ऐकूच येत नाही. एवढं टक्क तेवढं येतं."



"कळलं?"

कितीतरी वेळ काहीच नाही.

मग... अगदी हलकेच...

टक्क.

चित्र पुढे सरकलं. भाग शेवटपर्यंत चालला, एकदाही न थांबता. माणसं एकेक करून निघून गेली. काका दुसऱ्याच्याच चपला घालून गेले.

शनिवार अजून भरतात. दुसरी मालिका लावलीय, आधीच्यापेक्षा अवघड. लॅपटॉप तोच, पट्टी तशीच ढिली. ताईला आता खरोखरच काही कळत नाही. ती कोपऱ्याकडे बघते. चित्र पुढे जात राहतं.

त्याचा अर्थ काय लावायचा, मला ठाऊक नाही. तिने त्यांना सोडवलं, की हाकललं? हा विचार आला की मला अजून अस्वस्थ होतं. ताईला मी तसं विचारलं नाही. धीर झाला नाही.

ठकीने विचारलं.

मागच्या शनिवारी सगळे गेल्यावर दोघी मायलेकी सतरंजीची घडी घालत होत्या. दोन टोकं आईच्या हातात, दोन लेकीच्या. ठकी आपली टोकं घेऊन आईपर्यंत आली, आणि वर बघून म्हणाली,

"आई, तू सांगितलं नसतंस तर बाबा थांबले असते?"