समुद्राला जागाच नाही

"चिखल घट्ट मळ गं, पुनी! राजाचा महाल घसरून थेट ऱ्हाईन नदीत जाईल!" चिन्मय ओरडला.

"चिखल आहे हा, श्रीखंड नाही! जेवढा होते तेवढाच घट्ट होईन!" पौर्णिमानं कोपरापर्यंत बरबटलेले हात नाचवत उत्तर दिलं.

दर दिवाळीत शरदचंद्र आबांच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राही. बालाघाटच्या त्या गल्लीत किल्ला बांधणारं तेवढं एकच घर. आबांची नातवंडं चिन्मय आणि वैदेही कारागीर, आणि समोरच्या घरातली पौर्णिमा व तिचा धाकटा भाऊ मोहित हे चिखल पुरवणारे हक्काचे मजूर! पण यंदा शिवाजी महाराजांचा गड नव्हता. यंदा या चौकडीनं अख्खा देशच बांधायला घेतला होता. देशाचं नाव लिश्टेनश्टाइन.

हे नाव गल्लीत कोणालाही धड घेता येत नव्हतं. पौर्णिमाचे बाबा 'लष्टीन' म्हणत, तर आई नुसतं 'त्या गावी' म्हणून मोकळी होई. पौर्णिमाचा मोठा भाऊ वीरेंद्र भाऊबीजेच्या संध्याकाळी त्या देशात नोकरीसाठी निघणार होता. त्याला निरोप द्यायला हा मातीचा देश!

"महाल उंच टेकडीवर घे," वैदेही हुकूम सोडत होती. महिनाभर तिनं त्या देशाचा अभ्यास करून घरच्यांचे कान किटवले होते. "खाली वाडूत्स, म्हणजे राजधानी. मागे आल्प्सचे डोंगर. लांबी जेमतेम पंचवीस किलोमीटर!"

"हात्तिच्या! म्हणजे सकाळी सायकल काढली तर नाश्त्याला देशाबाहेर!" चिन्मय म्हणाला.

"आणि माणसं आपल्या बालाघाटच्या निम्मीसुद्धा नाहीत. जर्मन बोलतात. संसदेत फक्त पंचवीस जण बसतात. राजा आहे, पण लोकांनी ठरवलं तर मतदान करून त्याला घरी पाठवू शकतात!"

"राजाला घरी? म्हणजे महालातच ना?" चिन्मय खिदळला.

"गप्प बस! आणि ऐक, पंधरा ऑगस्टला त्यांचाही राष्ट्रीय सण असतो. राजा सगळ्यांना किल्ल्याच्या बागेत बोलावतो."

"माह्या दादाले पण बोलवन?" मोहितनं डोळे मोठ्ठे करून विचारलं.

"बोलवेल की!"

पौर्णिमाच्या पोटात गुदगुल्या झाल्या. दादा राजाच्या बागेत! हाच दादा वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. फौजेच्या भरतीसाठी तो पहाटेपासून मैदानावर धावायचा, आणि दर वेळी कशात तरी अडकून परत यायचा. मग वयच उलटलं. त्या दिवसापासून त्याचे बूट दाराआड पडले ते पडलेच. त्याला जेवायला उठवावं लागे, आणि ताटावरही तो कोणाशी बोलत नसे. आई चुलीपाशी पदरानं डोळे पुसायची. घरात मोठ्यानं हसायचीसुद्धा भीती वाटायची.

अशात बसस्टँडजवळ गजेंद्रभैयानं परदेशी पाठवण्याचं ऑफिस उघडलं, आणि दादा उठून बसला!

"समुद्र कुठे ठेवायचा?" पौर्णिमानं पाण्यानं भरलेली परात उचलली. तिनं त्यात कागदाचं जहाज सोडलं होतं. दादाची नोकरी बंदरावर होती ना! जहाजातला माल उतरवायची.

समुद्राबद्दल वैदेहीनं कुठेच वाचलं नव्हतं. तिनं ॲटलास उघडला. एका बाजूला स्वित्झर्लंड. दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. तिनं पान जवळ घेतलं, मग लांब धरलं.

तेवढ्यात आबा बाहेर आले. वनखात्यातून निवृत्त झालेले, गोष्टीवेल्हाळ आबा! मोहित त्यांच्याकडे धावला. "आबा, लिश्टेनश्टाइनमध्ये बंदर किती आहेत?"

"बंदर? एकही नाही रे बाबा! असणार कुठून?"

मोहितचा चेहरा एवढासा झाला. "एकपण नाही? मग दादा तिथं कोणाले सांभाळन? तो तर म्हणे मी बंदरावर राहीन! मी त्याले छोटं बंदर आणायले सांगतलं होतं!" आणि त्यानं भोकाडच पसरलं.

क्षणभर कोणाला काही उमगेना. मग चिन्मय पोट धरून चिखलात लोळला. "अगं, हा माकडं समजला! हिंदीतलं बंदर!"

वैदेही हसली, आबा हसले. "अरे वेड्या, मराठीत बंदर म्हणजे जहाजं लागायची जागा! त्या देशाला समुद्रच नाही, आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही नाही. मग जहाजं लागणार कुठे?"

सगळे हसत होते. पौर्णिमा हसली नाही. परातीतलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "दादाची नोकरी खरंच जहाजाच्याच बंदरावर आहे."

तिनं वैदेहीच्या हातातला ॲटलास घेतला आणि ती समोर आपल्या घरी धावली.

वीरेंद्र बॅग भरत होता. आईनं विणलेला जाड स्वेटर त्यानं सगळ्यांत वर ठेवला होता. पौर्णिमानं ॲटलास त्याच्यासमोर धरला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"तुले काय समजते गं?" तो म्हणाला. "भैयानं फोटो पाठवले ना! जहाज, क्रेन, सारं आहे. दोन साल बंदरावर काम, मंग तिथल्या नेव्हीत भरती! इथं ज्यायनं मले हाकललं, त्यायले दाखवतो मी!"

"दादा, त्या देशाले नेव्ही नाही. फौजच नाही! लई सालांपूर्वीच मोडून टाकली त्यायनं."

वीरेंद्रचे हात थांबले. तो ओरडेल असं पौर्णिमाला वाटलं. पण तो खाली बघत म्हणाला, "पुनी, मले एकदा तरी जाऊ दे ना."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाबांना सांगून तरी काय झालं? राइस मिलमधून थकून आलेल्या बाबांनी ॲटलासकडे पाहिलंसुद्धा नाही. "गजेंद्र इथल्याच कटंगीचा पोट्टा आहे. बाजारात त्याच्या बापाले ओळखतो मी. तो काहून फसवन?" आबा स्वतः समजवायला आले, तेव्हा बाबा हात जोडून म्हणाले, "साहेब, पुस्तकं जुनी असतेत. दुनिया बदलते." घरचं होतं नव्हतं ते बाबांनी गजेंद्रच्या हातावर ठेवलं होतं. आता त्यांना हे ऐकायचंच नव्हतं. वैदेहीनं मोबाइलवर नकाशा दाखवला, तर दादानं मान फिरवली.

आबा अंगणात येऊन मटकन बसले. "मीसुद्धा तसलाच! वीरेंद्रच्या नोकरीचा पेढा खाल्ला, आशीर्वाद दिला. घरात ॲटलास होता, पण उघडून बघायचं सुचलं नाही."

त्या संध्याकाळी पौर्णिमा अर्धवट बांधलेल्या देशापाशी बसून राहिली. फटाके वाजत होते, आणि तिला त्यांचा राग येत होता. समुद्राचा विषय निघालाच नसता तर? दादा हसत हसत गेला असता. पण कुठे गेला असता? त्याला कोण, कुठल्या गावात सोडून देणार होतं? गप्प बसलं तर दादा हरवणार, आणि बोललं तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. दोन्हीकडे अंधारच होता. ती गुडघ्यांत डोकं घालून खूप रडली.

चिन्मय शेजारी येऊन बसला. "आपलं कोणी ऐकत नाही. मग त्या गजेंद्रच्याच तोंडून वदवू या की!"

"कसं?"

"त्याला आपला किल्ला दाखवायचा!"

भाऊबीजेच्या दुपारी आबांच्या अंगणात गर्दी झाली. वीरेंद्रबरोबर जाणारी, हट्टा आणि किरनापूर या जवळच्या गावांतली मुलं बॅगा घेऊन आली होती, त्यांचे आईबाप सोबत होते. आबांनी सगळ्यांना फराळाला बोलावलं होतं. नागपूरची रेल्वे धरायला गोंदियाला जायची जीप फाटकाबाहेर उभी होती. गजेंद्र काळा चष्मा लावून ऐटीत आला. गळ्यात हार पडताच तो आणखी फुगला.

"अरे वा! बच्चों, क्या बात है! हुबेहूब वही देश!"

"भैया, तुम्ही तिथे राहून आलात ना?" वैदेहीनं भोळा चेहरा करून विचारलं.

"दो साल! वहाँ का चप्पा चप्पा मालूम आहे मले!"

"मग आमचं भांडण मिटवा! हा चिन्मय म्हणतो समुद्र मागे आहे, मी म्हणते पुढे!"

"मागेच आहे!" चिन्मय ओरडला.

"पुढे!"

"मागे! तुला काय कळतं?"

"अरे रुको, रुको!" गजेंद्र हसला. "लाओ इधर."

परात पौर्णिमाच्या हातात होती. दादा समोरच उभा होता, नव्या शर्टात, भांग पाडलेला. त्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हातातून परात पाडावी, फुटू दे सगळा खेळ. पण तिनं ती पुढे केली.

गजेंद्रनं परात महालाच्या पुढ्यात, नदीपलीकडे दणकन ठेवली. "ये रहा समुद्र! महालाच्या खिडकीतून जहाज दिसते!"

"आणि फौज?" चिन्मयनं मातीचे शिपाई पुढे केले.

"फौज बंदरगाह के बाजू में. लई मोठी फौज! वीरेंद्रसारख्या पोट्ट्यांले सीधी भरती!"

"महालात कोण राहतं?"

"राष्ट्रपती! मेरे साथ चाय पी है उन्होंने!"

तेवढ्यात मोहित किंचाळला, "अरे बाप रे! भैयानं तर पुरा स्वित्झर्लंड बुडवला!"

मुलं खो खो हसली. गजेंद्रही हसला, पण त्याला विनोद कळला नव्हता.

वैदेही उभी राहिली. आता तिचा चेहरा भोळा नव्हता. "तुम्ही परात ठेवलीत तिथे स्वित्झर्लंड आहे. या देशाला समुद्र नाही, बंदर नाही, साधा विमानतळसुद्धा नाही! फौज नाही. राष्ट्रपती नाही, महालात राजा राहतो. दोन वर्षांत तुम्हाला राजाही दिसला नाही?"

आबांनी ॲटलास उघडून किरनापूरच्या एका मुलाच्या हातात दिला. तो बोट फिरवत राहिला. निळा रंग शोधायला त्याला फार लांब जावं लागलं. ॲटलास या हातातून त्या हातात गेला. कोणाच्या तरी आईनं हुंदका दिला.

"बच्चों की बातों में क्या आते हो? मी... मी जरा फोन करून येतो," म्हणत गजेंद्र फाटकाकडे सरकला, आणि एकदम पळत सुटला. त्यानं जीप चालू केली, पण ती दोन हात जाऊन फतकल मारून बसली. चारही चाकांतली हवा गेलेली!

"मीच काढली!" मोहित फाटकावर चढून नाचला. "चिन्मयनं शिकवलं!"

पौर्णिमाच्या बाबांनीच गजेंद्रची कॉलर पहिली धरली. आबांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे पोलीस लगेच पोचले. मुलांचे पासपोर्ट जीपमध्येच सापडले. नागपूरला सगळ्यांना उतरवून फोन बंद करायचा, एवढाच गजेंद्रचा बेत होता. ज्या देशाचं नाव कोणाला घेता येत नाही, तो देश कोण तपासणार, असं त्याला वाटलं होतं.

"शाबास! तुम्ही नसता तर ही मुलं कुठे शोधायची?" ठाणेदारांनी पौर्णिमाची पाठ थोपटली. हट्ट्याच्या एका बाईनं तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तुमच्यापुढे आम्ही मोठी माणसं लहान ठरलो," आबा म्हणाले. बाबांनी तिला जवळ घेतलं. सगळीकडून शाबासकी मिळत होती, आणि पौर्णिमाला त्यातली एकही गोड लागत नव्हती. ती गर्दीत दादाला शोधत होती.

वीरेंद्र किल्ल्यापाशी उकिडवा बसला होता. त्यानं परात उचलली, समुद्र पेरूच्या बुंध्याशी ओतला आणि ओलं जहाज बोटांनी सरळ करत राहिला.

"पुनी, खरं सांग. त्या देशाले फौज नाहीच?"

"नाही, दादा."

"म्हणजे भरती पण नाही."

"नाही."

"म्हणजे भरतीत नापास झालेला एकही पोट्टा नसन तिथं," तो म्हणाला. "चांगला देश आहे."

पौर्णिमाला त्या देशाचे डोंगर ठाऊक होते, नदी ठाऊक होती, तिथलं राज्य कसं चालतं तेही ठाऊक होतं. ती दादाच्या शेजारी बसली आणि मातीचे शिपाई एकेक करून बाजूला काढू लागली.

दिवे लागले तेव्हा आईनं पाट मांडला. मोहित ओवाळून घेऊन लाडू खायला पळाला. वीरेंद्र बोलावल्यावर आला, पाटावर बसला. पौर्णिमानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ओवाळून झाल्यावर त्यानं सवयीनं खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. रिकामा हात त्यानं तबकावर धरला आणि तसाच मागे घेतला.

"मी गेलो नाही," तो म्हणाला. "यंदा एवढंच घे."

त्याच्या आवाजात आनंद नव्हता. बॅग अजून दाराशीच होती, भरलेली. पौर्णिमा निरांजन विझेपर्यंत तबक धरून त्याच्यासमोर बसून राहिली.