सुनेच्या नावावरची गाठ

"मी त्या दवाखान्याची पायरीसुद्धा चढलेले नाही, काकू," मुलगी म्हणाली आणि तिने मोबाइल टेबलावर ठेवला.

मास्तरांनी चष्मा पुसला. भूगोलाचे हे निवृत्त शिक्षक बायकोच्या तपासात पडेल ते काम करत, बहुधा चुकीच्या दिशेने. काकूंनी मात्र अर्धं आयुष्य विमा कंपनीत आजारांना कोड लावण्यात घालवलं होतं. प्रत्येक दुखण्याला, प्रत्येक शस्त्रक्रियेला एक कोड. नोकरी सुटल्यावर त्या लोकांच्या भानगडींचा छडा लावू लागल्या.

मुलगी अठ्ठावीस वर्षांची. तिच्या नावावर एक छोटी शस्त्रक्रिया झाल्याचं विमा कंपनीने तिच्या नवऱ्याला कळवलं होतं. कुठल्या जागेची, तेही कळवलं होतं. त्याने तिला माहेरी धाडलं आणि तीन वर्षांची लेक स्वतःकडे ठेवून घेतली.

"म्हणतो, असली दुखणी बाहेरून येतात. मी तपासून घेतलं, काही निघालं नाही. तर म्हणे, जखम भरून आली असेल." "आता वकिलाची भाषा करतोय. मला माझी मुलगी हवी, काकू."

काकूंनी मोबाइलवर विमा कंपनीच्या पत्रातले कोड वाचले. "बार्थोलिन ग्रंथीची गाठ. योनीच्या तोंडाशी दोन बाजूंना वाटाण्याएवढ्या ग्रंथी असतात, ओलावा राखणाऱ्या. एखादीची नळी तुंबली की आत पाणी साचतं आणि गाठ होते. पू झाला तर कोड वेगळा, तो इथे नाही. चीर देऊन निचरा केलाय. आणि एक तुकडा तपासणीला पाठवलाय." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुझं विम्याचं कार्ड कुठे असतं?"

"सासरी. बैठकीतल्या खणात, सगळ्यांची एकत्र."

"घरात बायका किती?"

"सासूबाई आणि नणंद. नणंदेचं लग्न ठरतंय, बाविशीची आहे."

मास्तरांनी भुवया उंचावल्या. काकूंनी काणाडोळा केला.

"कागद तुझ्या नावाचे, म्हणजे तू मागितलेस तर दवाखान्याला नाही म्हणता येणार नाही. त्या तुकड्याचा अहवाल घेऊन ये."

संध्याकाळी काकू आणि मास्तर मुलीच्या सासरी गेले. सासूबाई इस्त्री करत होत्या, मुलीचा नवरा आणि नणंदही घरीच होते.

"बसून बोलू या," काकू म्हणाल्या.

"तुम्ही बसा. मला कामं आहेत." कपड्यांचा ढीग संपला तरी त्या भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. "ह्याचे वडील गेल्यापासून मी मान खाली घालून दिवस काढले. कुणाला बोट दाखवायला जागा दिली नाही. आणि आता घरात हे असं."

त्यांचा मुलगा म्हणाला, "पुरावा समोर आहे."

"पुरावा आहेच," काकू म्हणाल्या. "कुणाविरुद्ध आहे ते बघायचंय."

मास्तर हात धुवायला गेले, तर न्हाणीघरात पसरट नवा कोरा टब दिसला. बाहेर येऊन त्यांनी सहज विचारलं, "टब छोटीच्या अंघोळीला का?"

"नाही, माझा आहे," नणंद घाईने म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "वहिनी तशी नाही हो."

परतताना मास्तर खुशीत होते. "नणंदच. लग्न ठरतंय, लपवायला कारण आहे, टबही तिचाच."

"अहो, तो तुकडा तपासायला का पाठवला, ते सांगा की."



दोन दिवसांनी सगळे त्याच बैठकीत जमले. ती मुलगी, या घरची सून, सकाळीच दवाखान्यात जाऊन आली होती. ती कोपऱ्यात बसली होती.

"ही गाठ विशीतिशीत बऱ्याच जणींना होते," काकूंनी सुरुवात केली. "साधी असते. निचरा करून डॉक्टर घरी पाठवतात, तुकडा सहसा काढत नाहीत. पण चाळिशी उलटलेल्या बाईला नव्याने गाठ आली, तर काढतात. त्या वयात क्वचित वेगळंच काही निघतं म्हणून. काउंटरवर वय कार्डावरून उतरवलं, अठ्ठावीस. डॉक्टरांनी मात्र समोरच्या बाईकडे पाहिलं. या घरात चाळिशी उलटलेली बाई एकच आहे. त्यांना खाली बसवत नाही. तो टब अशा जखमेनंतर कोमट पाण्यात बसायला घेतात. आईची लाज राखायला लेकीने तो आपला म्हणून सांगितला."

"डॉक्टर मला बघून चमकले," सून हळूच म्हणाली. "म्हणाले, ती बाई तुम्ही नव्हे."

सासूबाईंनी टेबलाची कड धरली. "नवरा नसलेल्या बाईला तसल्या जागी गाठ. लोकांनी काय अर्थ काढला असता? वाटलं, हिच्या नावावर खपून जाईल."

"आणि मुलाला कळल्यावर?"

"तोंड उघडायचा धीर झाला नाही."

"नळी तुंबते, तशी ती तुंबली. त्यात अब्रूचा संबंध कुठे आला?" काकू म्हणाल्या. त्यांना राग आला होता आणि कीवही.

मुलाची मान वर होईना. "घरी ये," तो बायकोला म्हणाला.

"मुलीचे कपडे भर. ती आज माझ्याबरोबर येतेय. बाकीचं मग बघू." मग ती सासूपाशी गेली. "आई, तुमचा अहवाल मला मिळाला. कर्करोग आहे."

नणंदेने तोंडावर हात दाबला. मास्तरांना कुठे बघावं कळेना.

"सुरुवात आहे म्हणाले. लगेच उपचार झाले तर आशा चांगली आहे. उद्या सकाळी न्यायला येते."

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "मी तुझा संसार मोडायला निघाले होते, आणि तू येतेस?"

"तुमचा आजार अजून माझ्या नावावर आहे, आई. ती बाई मी नव्हे, हे तिथे लिहून द्यायला मलाच यावं लागेल. ती बाई कोण, ते तुम्ही सांगायचं. त्याशिवाय ते तुमच्यावर उपचार कसे करणार?"

सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. सुनेने लेकीला कडेवर घेतलं आणि ती चपला घालू लागली.