उसना घेतलेला पत्ता

ज्याने चूक केलेली नाही, त्यालाच जेव्हा स्वतःविषयी संशय वाटू लागतो, तेव्हा अन्यायाचे कार्य पूर्णत्वास गेलेले असते. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सेवा केलेले मामा त्या सकाळी वहिनींच्या बैठकीत येऊन बसले, तेव्हा त्यांची अवस्था नेमकी अशी होती.

वहिनी खासगी तपासाचे काम करीत. त्यांचे दीर, निवृत्त चित्रकलाशिक्षक, टिपणे घेत.

"नोकरी परत नको मला, ताई," मामा म्हणाले. "माझा हात चुकला का, एवढंच सांगा. हल्ली नातीला औषध पाजायलाही धजत नाही मी."

पाच अहवालांवर भलत्याच रुग्णांची नावे छापली गेली होती. मामांना घरी बसवण्यात आले, आणि त्यानंतर एकही चूक झाली नव्हती.

"मग यात शोधायचं काय राहिलं, वहिनी?" दीर पुटपुटले.

"तुम्ही पेन्सिलीला टोक काढा, भाऊजी."

प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंना मुळीच शंका नव्हती. "नळ्यांची अदलाबदल, दुसरं काय? पाचही चुका दुपारच्या. जेवणानंतर डोळा लागत असेल."

"ज्यांची नावं चुकून छापली, त्यांचे स्वतःचे अहवाल?"

"ते बरोबर होते."

"आणि अहवाल छापणारा संगणकाचा प्रोग्राम?"

"रोज सकाळी नव्याने सुरू करतो."

वहिनींनी संगणकावर प्रोग्राम उघडून वाचला, त्याच्या फाइलची तारीख पाहिली. मग मामांची वही चाळली. चुकीच्या पाचही दिवशी, दुपारच्या आधी, एक नोंद होती: 'नळीवरची चिठ्ठी भिजलेली. यंत्राने नळी परत केली.'

प्रोग्राम लिहिणारा मामांचा सख्खा भाचा होता. मामांनीच त्याला येथे चिकटवले होते.

"वर्षभर मी त्या प्रोग्रामला हातसुद्धा लावलेला नाही," तो मान वर न करता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नमुन्यांच्या खोलीत वहिनींनी सर्वांना एकत्र बसवले.

"हातून नळ्या बदलल्या असत्या, तर दर वेळी दोन अहवाल चुकले असते. इथे एकच चुकला. म्हणजे नळी जागेवर होती, नाव भरकटलं."

"नाव आपल्या पायांनी जातं की काय?" दीरांनी विचारले.

"जातं, भाऊजी. या प्रोग्राममध्ये चार धागे, म्हणजे कामाच्या चार रांगा, एकाच वेळी चालतात. प्रत्येकाचा स्वतःचा कप्पा. हातातल्या रुग्णाचं नाव त्यात ठेवायचं. कप्प्याचा पत्ता प्रोसेसर त्या त्या धाग्यापुरता जपतो. तो पत्ता बदलायची एक आज्ञा असते. काम झटपट व्हावं म्हणून ती इथे वापरलीय. धागा क्षणभर शेजाऱ्याचा पत्ता उसना घेतो आणि काम झालं की स्वतःचा परत लावतो. पण भिजलेली चिठ्ठी वाचता आली नाही, की काम अर्ध्यावर सुटायचं. पत्ता परत लावायचा राहून जायचा. मग हा धागा आपल्या रुग्णाचं नाव शेजाऱ्याच्या कप्प्यात ठेवी. तेवढ्यात शेजाऱ्याने स्वतःच्या रुग्णाचं ठेवलं, की याच्या अहवालावर तेच छापलं जाई. दुपारी नळ्यांची गर्दी, म्हणून चुका दुपारी. सकाळी प्रोग्राम नव्याने सुरू झाला, की सगळे पत्ते पुन्हा ठिकाणावर."

"पण मामा गेल्यावर चुका थांबल्या कशा?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"ते गेले, त्याच संध्याकाळी प्रोग्राम दुरुस्त झाला. वर्षभर हात न लागलेल्या फाइलवर तीच तारीख आहे."



"मामा," भाचा म्हणाला, "दुरुस्त केलं की सांगणार होतो. पण सगळे म्हणायला लागले, बघा, मामा गेले आणि थांबलं. मग जीभच उचलली नाही."

"चुकलास, त्याचं काही नाही रे. माणूस चुकतो. पण मला माझ्याच हातांची भीती वाटत होती, ते तू दर रविवारी घरी येऊन बघत होतास. जेवत होतास."



"उद्यापासून कामावर या, मामा," डॉक्टरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

"आधी त्या पाच घरी जाऊन खरं काय ते सांगा. माझं मग बघू."

मामा उठले. भाचा पाया पडण्यास वाकला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

"आता काही दिवस घरी येऊ नकोस," ते म्हणाले. "जिथे असशील तिथे सुखी राहा, बाळा."