गोल दगडी टेबलावरचा डबा

लाइट गेली होती. जयनगरच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर चार्जिंगचा दिवा ठेवून मी आणि वरच्या मजल्यावरची दिव्यश्री बसलो होतो. आई आत मेणबत्तीच्या उजेडात लाडू वळत होती.

"माल्टाचं सांग ना," दिव्यश्री म्हणाली. घरची भाषा कानडी, पण लहानपणापासून आमच्याकडेच असते, त्यामुळे मराठी छान बोलते.

मी चारचौघांत बोलत नाही. अंधारात मात्र जमतं.

मे महिन्यात बाबांनी आम्हाला त्या बेटावर नेलं. जुने दगड दिसले की बाबा जेवायला थांबत नाहीत, म्हणून माझ्या हातात कायम लाडवांचा डबा. मधाच्या रंगाची तटबंदी पाहिली, दोन्ही भिंतींना हात लागतील अशा गल्ल्या पाहिल्या, पिरॅमिडपेक्षा जुनी देवळं पाहिली. शेवटी राबात नावाच्या गावात जमिनीखालच्या कबरी बघायला उतरलो. तिथे खडकातच कोरलेलं एक गोल टेबल होतं. पाटीवर लिहिलं होतं, की लोक इथे येऊन आपल्या मेलेल्या माणसांसोबत जेवत.

"म्हणजे आपला पितृपक्षच की," आई म्हणाली.

"पण इतक्या खाली कावळा कसा येणार?" बाबांनी विचारलं, आणि आम्ही इतके हसलो की दाराजवळ तिकिटं तपासणाऱ्या बाईंनी वाकून पाहिलं.

मी फोटो काढला आणि आम्ही वर आलो. बसची वाट बघताना आई म्हणाली, "डबा काढ गं."

फोटो काढताना डबा मी त्या टेबलाच्या कडेला ठेवला होता. आईच्या लग्नात आजीने दिलेला डबा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'चि. सौ. संध्या'. आजी गेल्यापासून आई तो शेजारीसुद्धा देत नाही.

"आणते," म्हणून मी पळाले. दारातल्या बाई कुलूप लावायला उठल्या होत्या. मी बोटाने खाली दाखवलं. त्यांनी 'जा' म्हणून मान हलवली.

एकटीने उतरताना ती जागा वेगळीच वाटली. ओल्या चुनखडीचा वास होता. त्यात आणखी एक वास होता, भाजलेल्या तिळाचा. डबा टेबलाच्या अगदी मधोमध होता. उचलला, तर ओला. कुणीतरी आत्ताच घासून, विसळून ठेवल्यासारखा. उघडला. लाडू नव्हते. तीळ लावलेली एक छोटी जाड भाकरी होती.

गरम.

तेवढ्यात मागच्या काळोखातून कुणीतरी हळू बोललं. भाषा कळली नाही. सूर कळला. पंगतीत वाढताना मावशी म्हणतात ना, 'अजून एक... घे गं...' तसा.

मी घाबरले की शिकवलेलं तेवढंच तोंडातून निघतं.

"पुरे..." मी म्हणाले. "आता तुम्ही या... आमच्याकडे..."

काळोख एकदम गप्प झाला. कितीतरी वर्षांत कुणी बोलावलंच नसावं, तसा.

वर आले तर बाबांनी डबा उघडला. "लाडू कुठे गेले?"

"दिले... एका मावशींना."

"संध्या, ऐकलंस? आपली आसावरी परक्या माणसाशी बोलली!"

"आणि त्यांनी डबा रिकामा नाही दिला बघ," आई भाकरीचे तीन तुकडे करत म्हणाली. "चांगल्या घरची बाई असणार."

इतकी खूश होती, की पुढे मला काही सांगवेना.

"अय्यो!" दिव्यश्री खिदळली. "पण पत्ता कुठे दिलास? सरी, बरं मग, घाबरतेस कशाला?"

मीही हसले. खरंच, पत्ता नव्हता दिला.

"आसावरी," आतून आईची हाक आली. "डबा घासून ठेवलास? शहाणी गं माझी! पण त्यात मी आत्ता लाडू भरले होते, ते कुठे काढलेस?"

आम्ही दोघी टेबलापासून हललोच नव्हतो.

"आणि तीळ कुणाकडे भाजतायत गं?" आई म्हणाली. "काय छान वास येतोय..."